डुलकीबाबत कार्यवाही सुरू आहे

दुपारी अडीच वाजता आढावा बैठक ठेवणाऱ्या माणसाला स्वतःला कधी झोप येत नाही, कारण बोलायचं त्यालाच असतं. झोप येते ती ऐकणाऱ्यांना. सरकारी, निमसरकारी, सहकारी, खासगी, कुठलंही कार्यालय घ्या. लांबलचक टेबलाच्या एका टोकाला एक माणूस टक्क जागा असतो आणि उरलेले वीस-पंचवीस जण आपापल्या पापण्या सांभाळत बसलेले असतात. बोलणाऱ्याला वाटतं, लोक आपलं म्हणणं काय मनावर घेताहेत, सगळ्यांच्या माना कशा हलताहेत! माना हलतात हे खरं. पण त्यातल्या संमतीच्या किती आणि डुलकीच्या किती, हे पाणी वाटणाऱ्या अनुभवी शिपायालासुद्धा सांगता येत नाही.

मी निमसरकारी कार्यालयात उभी हयात काढलेला माणूस. टिपणी कशी लिहावी, प्रपत्र कसं भरावं, माहिती नसेल तिथे ‘निरंक’ कसं टाकावं, हे सगळं नोकरीत शिकवतात. बैठकीत जागं कसं राहावं हे मात्र कोणी शिकवत नाही. ती विद्या गुरुमुखातून, म्हणजे शेजारच्या खुर्चीकडून, पुढच्या पिढीकडे जाते. ती लिहून ठेवावी असं बरेच दिवस मनात होतं.

बैठकीत झोप येणं हा कामचुकारपणा नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी म्हणेल, ‘तरीच आमची फाइल सहा महिने हलली नाही.’ (ती वेगळ्या कारणाने हलली नव्हती.) माणसाच्या अंगात चोवीस तासांचं एक घड्याळ असतं आणि ते रात्रीसारखंच दुपारीही एकदा मंदावतं. लोक उगाच जेवणावर खापर फोडतात. उपाशी बसलात तरी एक ते चारच्या दरम्यान जांभई यायची ती येतेच. डब्यातली वांग्याची भाजी आणि कुणाच्या तरी बढतीची जिलबी तिला फक्त हातभार लावतात. त्यात माणूस जागा असेपर्यंत मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते जितकं साठेल तितकं डोळ्यांवर येतं. सकाळी पावणेदहाला कार्यालयात आलेल्या माणसाच्या डोक्यात अडीचपर्यंत त्याचा बऱ्यापैकी साठा जमा झालेला असतो. पावणेदहा का, तर राज्य सरकारने पाच दिवसांचा आठवडा केला तेव्हा कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. ही गोष्ट २९ फेब्रुवारी २०२० ची. चार वर्षांतून एकदा उगवणाऱ्या तारखेला मिळालेलं सुख टिकेल की नाही अशी आम्हाला धाकधूक होती, पण टिकलं. शनिवार गेला, त्याच्या बैठका मात्र उरलेल्या पाच दिवसांत वाटून दिल्या गेल्या.

आता सभागृह बघा. खिडक्या बंद, कारण एसी. पडदे ओढलेले, कारण प्रोजेक्टर. दिवे मालवलेले, कारण पडद्यावरचे आकडे दिसत नाहीत (दिवे मालवल्यावरही दिसत नाहीत, ती बाब अलाहिदा). बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड असतो दहा लाखांत सव्वाचारशे भागांच्या आसपास. बंद खोलीत पंचवीस माणसं तासभर श्वास सोडत बसली की तो सहज हजाराच्या वर जातो आणि डोकं जड व्हायला लागतं. अंधार, गारवा, मऊ खुर्ची, जड डोकं. अंगाई तेवढी बाकी राहते; ती उणीव पडद्यावरचं सगळं जसंच्या तसं वाचून दाखवणारे सांख्यिकी अधिकारी भरून काढतात. ‘तक्ता क्रमांक सात... स्तंभ क्रमांक तीन...’ अशा सुरात ते सुरू झाले की कुंभकर्णालासुद्धा वाटेल, आपण सहा महिने कमीच झोपलो.

हे दुखणं आजकालचं नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात एक अख्खा समास झोपेवर खर्च केला आहे. नववा, निद्रानिरूपण. तो वाचताना वाटतं की समर्थ आमच्या सभागृहात कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. आधी आळोखेपिळोखे, मग जांभया, त्यावर चुटक्या, मग डुलक्या. कोणाचे डोळे मिटताहेत, कोणी मध्येच दचकून चारही दिशांना बघतोय. पुढे घोरण्यापर्यंत आणि बरळण्यापर्यंत मजल जाते. आणि याच्या लगेच पुढचा, दहावा समास कशावर? श्रोत्याच्या अवलक्षणांवर! हा क्रम मला तरी योगायोगाचा वाटत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी पुढच्या रांगेत कोणीतरी पेंगत होतं आणि ते समर्थांच्या नजरेतून सुटलं नाही. फरक एवढाच की समर्थांपुढे पेंगणाऱ्याच्या वाट्याला समास आला, आमच्याकडे कारणे दाखवा नोटीस येते.

कीर्तनकार या बाबतीत पहिल्यापासून शहाणे. समोरच्या माना खाली जाताना दिसल्या की निरूपण जागच्या जागी थांबवायचं आणि नामाचा गजर सुरू करायचा. टाळ वाजतात, टाळ्या वाजतात, आजीबाई जाग्या होतात, कथा पुढे सरकते. आढावा बैठकीत तक्ता क्रमांक सातनंतर साहेबांनी ‘बोला, पुंडलिक वरदे’ एवढं जरी म्हटलं, तरी निम्मी उपस्थिती वाचेल. पण साहेब बोलत राहतात ते ‘आता तक्ता क्रमांक आठ’ असं.

जागेपणाची पहिली लढाई खुर्चीत बसण्यापूर्वीच होते. नवखा माणूस शाळेतल्या सवयीने मागच्या रांगेकडे वळतो आणि फसतो. मागची रांग साहेबांच्या अगदी नजरेच्या रेषेत असते. सुरक्षित जागा म्हणजे साहेबांच्याच बाजूची, तीन माणसं सोडून चौथी. तिथे बसलेल्याकडे बघायचं तर साहेबांना टेबलावर ओणवं व्हावं लागतं आणि त्या हुद्द्याचा माणूस ओणवा होत नाही. आमच्याकडे ही जागा लेखाधिकाऱ्यांची. ते अर्धा तास आधी येतात आणि एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तशी तिथे फाइल टाकून जातात. त्या फाइलीत काय असतं ते अद्याप लेखापरीक्षणातही उघड झालेलं नाही.

पण ही झाली झोप लपवण्याची जागा. ज्याला खरोखर जागं राहायचं आहे त्याच्यासाठी आमच्या सभागृहात एक खास खुर्ची आहे. तिच्या बरोबर वर एसी गळतो. थेंब मानेवर पडतो, कॉलरच्या आत उतरतो आणि पाठीच्या कण्यावरून सावकाश प्रवास करत पट्ट्यापाशी जिरतो. तो जिरेपर्यंत पुढचा तयार. तीन कार्यकारी अभियंते बदलून गेले, पण गळती कायम आहे आणि बांधकाम-दुरुस्तीचा आढावा दर महिन्याला त्याच गळतीखाली होतो. त्या खुर्चीवर आजवर एकालाही डुलकी लागलेली नाही. बैठकीला उशिरा येणाऱ्याला ती आपोआप मिळते, त्यामुळे वक्तशीरपणाही वाढला आहे.

खुर्चीनंतर डायरी. नव्या वर्षाची, कुठल्यातरी पतसंस्थेने दिलेली, पहिल्या पानावर संचालक मंडळाचे फोटो असलेली. बैठकीत डायरी उघडून पेन चालवत राहिलं की झोपही येत नाही आणि माणूस कामसूही दिसतो. आमच्या आस्थापना विभागातल्या मॅडम बैठक सुरू झाल्यापासून संपेपर्यंत मान वर न करता लिहीत असतात. एकदा साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. ‘मॅडमकडून शिका. एकेक शब्द टिपून घेतात.’ मॅडम विनयाने हसल्या. त्यांच्या डायरीत रामनामाचा लिखित जप चालू होता. ओळीखाली ओळ, तेरा अक्षरी. शेजारी बसलेल्या आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं, पण त्या पुण्यात आपलाही वाटा असावा म्हणून कोणी बोललं नाही.

ज्यांची तेवढी आध्यात्मिक तयारी नाही त्यांनी विषयपत्रिका रंगवावी. देवनागरीइतकी या कामाला सोयीची लिपी नाही. व, ब, क, ष यांना छान बंद पोटं असतात. ती निळ्या शाईने भरत जायची. ब आणि ष यांच्या पोटात तिरकी रेघ असते, त्यामुळे वरचा अर्धा निळा आणि खालचा लाल असा बेत करता येतो. ‘विषय क्रमांक’ एवढ्या दोन शब्दांत चार पोटं मिळतात आणि सरकारी कागदावर हे दोन शब्द ठायी ठायी असतात. रंगवता रंगवता मार्च महिन्याचं उद्दिष्ट कधी पार पडतं ते कळतही नाही. ज्यांच्या हातात कला आहे ते समासात ‘श्री’मधून गणपती काढतात. आमचे एक कनिष्ठ अभियंता तर सोंडेत मोदकाऐवजी कामाचं मोजमाप पुस्तक देतात.

याला विज्ञानाचाही पाठिंबा आहे. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या जॅकी अँड्रेड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ४० जणांना टेलिफोनवरचा एक मुद्दाम रटाळ केलेला निरोप ऐकवला. निम्म्यांच्या हातात आकृत्या छापलेला कागद दिला आणि ऐकता ऐकता त्या रंगवा म्हणून सांगितलं. नंतर विचारलं, तर रंगवणाऱ्यांना नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा २९ टक्के जास्त आठवत होतं. २००९ चा हा निबंध छापून मी डायरीच्या पहिल्या पानावर चिकटवला आहे. कधी डायरी मागितली गेलीच तर आधी तो दिसावा.

मात्र जागेपणाच्या सगळ्या उपायांत राजा म्हणजे शब्दांचा तंबोला. मूळ खेळ अमेरिकेतला. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीतल्या टॉम डेव्हिस यांनी १९९३ साली बैठकीत हमखास येणाऱ्या भारदस्त शब्दांचे चौकोन छापले आणि पुढे डिल्बर्ट या व्यंगचित्रमालिकेने तो खेळ जगभर नेला. पण मला विचाराल तर तो खरा रंगतो मराठी कार्यालयातच, कारण असे शब्द आपल्याकडे पोत्याने आहेत. आमच्या चिठ्ठीवर नऊ घरं असतात. युद्धपातळीवर, कालबद्ध, समन्वय, पाठपुरावा, तळागाळापर्यंत, पारदर्शक, अंमलबजावणी, तातडीने, सर्वंकष. साहेबांच्या तोंडून शब्द आला की घरावर फुली. ओळ भरली की ओरडायचं नाही, पेनाचं टोपण टेबलावर दोनदा वाजवायचं. भरलं घर झालं की पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायचं. संध्याकाळचा चहा-वडा हरणाऱ्यांकडून.

हा खेळ सुरू झाल्यापासून साहेबांच्या भाषणाला जे श्रोते मिळाले ते कुठल्या व्याख्यानमालेला मिळत नसतील. माणसं पुढे झुकून, कान टवकारून ऐकायची. एका बैठकीत उपअभियंत्यांचं ‘सर्वंकष’ तेवढं राहिलं होतं. बैठक संपत आली, साहेब फाइल मिटायला लागले. शेवटी न राहवून उपअभियंता उठले.

‘साहेब, या प्रश्नाचा विचार आपण नेमका कसा करायचा?’

साहेबांनी चष्मा काढला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘साकल्याने.’

टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जो सुस्कारा पसरला, तो साहेबांनी प्रश्नाच्या गांभीर्याला दिलेली दाद समजून स्वीकारला.

खाण्याचे उपाय फारसे लांबवण्यात अर्थ नाही. दाढेत लवंग, जिभेखाली आलेपाक, खिशात बडीशेप. जुन्या पिढीची मदार तंबाखूवर होती आणि बैठकीत तोंड भरलेलं असल्यामुळे त्या पिढीने एकही प्रश्न विचारला नाही, हा तिचा आमच्यावर उपकार. एक सहकारी डोळ्यांखाली बाम लावून येत. झोप उडायची, पण डोळ्यांना धारा लागायच्या आणि कुपोषणाचे आकडे ऐकून ते हेलावले असा समज व्हायचा. पूर्वी म्हणे अभ्यास करणारी मुलं शेंडीला दोरी बांधून ती खुंटीला अडकवत. हा उपाय आता करता येत नाही. शेंडी नाही आणि सभागृहाच्या भिंतीला खुंट्याही नाहीत.

जांभईचं शास्त्र वेगळं. ती दाबायची तर ओठ मिटून, नाकपुड्या फुगवून, भुवया वर नेऊन दाबावी लागते. त्या क्षणी माणसाच्या चेहऱ्यावर गहन विचार केल्याचा भाव येतो, तो एक जादा फायदा. पण जांभई संसर्गजन्य असते. लेखाधिकाऱ्यांनी दिली की ती टेबलावरून उजवीकडे सरकत सरकत थेट वाहनचालकांच्या बाकापर्यंत पोचते. ही लागण कासवांमध्ये होते का, याचाही तपास काही शास्त्रज्ञांनी केला आणि लाल पायांच्या कासवांत तसा पुरावा सापडत नाही असं दाखवलं. त्यांना २०११ चं इग नोबेल मिळालं. आमच्यात कासवाच्या गतीने काम करणारे पुष्कळ आहेत, पण जांभई त्यांना लागते.

अगदीच अनावर झालं तर फोन. मोबाइल कानाला लावायचा, अर्धवट उठायचं आणि हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, ‘हो साहेब, बोला साहेब.’ कोणी भुवई उंचावलीच तर फोनवर हात ठेवून एकच शब्द उच्चारायचा, ‘मंत्रालय.’ या शब्दाला अडवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारावं, खिडकीतून वडाच्या झाडाकडे बघावं, शिपाईमामांना विचारावं, ‘मामा, चहा कुठवर आलाय?’ आणि गंभीर चेहऱ्याने परत यावं. फोन सरळ धरला आहे ना, एवढं मात्र पाहावं.

इतकं करूनही डोळा लागतोच. जपानमध्ये याला काही वाटून घेत नाहीत. तिथे कामाच्या जागी बसल्या बसल्या डुलकी घेण्याला इनेमुरी म्हणतात आणि बिचारा कामाने थकला असेल असा लोक त्याचा अर्थ लावतात. आपल्याकडे अर्थ लावण्याचं काम शेजारी करतो, तेही कोपराने. त्या कोपराच्या ढुशीनंतरच्या तीन सेकंदांत जो तरतो तो खरा अधिकारी. त्यासाठी काही वाक्यं जिभेच्या टोकावर तयार ठेवावी लागतात. ‘माहिती घेऊन सांगतो.’ ‘प्रस्ताव वर सादर केला आहे.’ ‘निधीची मागणी नोंदवली आहे.’ आणि सगळ्यांवर मात करणारं, ‘कार्यवाही सुरू आहे.’ प्रश्न कोणताही असो, हे वाक्य लागू पडतं.

किती लागू पडतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. असंच एकदा प्रोजेक्टरच्या उजेडात सगळं शांत चाललेलं असताना साहेबांनी घाम पुसत विचारलं, ‘इथला पंखा कोणी बंद केला?’ शेजाऱ्याला वाटलं प्रश्न उपअभियंत्यांना आहे. त्याने कोपर मारलं. उपअभियंता ताडकन उभे राहिले, कोटाचं बटण लावलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

‘साहेब, कार्यवाही सुरू आहे. आठ दिवसांत पूर्ण करतो.’

सभागृहात टाचणी पडली तर ऐकू आली असती. साहेबांनी त्यांच्याकडे दोन क्षण पाहिलं. मग कागदात डोकं घालत म्हणाले, ‘बरं. पाठपुरावा करा.’

म्हणजे साहेबही जागे नव्हते! उघड्या डोळ्यांनी, चालू तोंडाने झोपण्याची ती सिद्धी पाहून आमचे हात जोडले गेले. पण गोष्ट इथे संपली नाही. इतिवृत्त लिहिणारा लिपिक नियमाचा पक्का. त्याने नोंद केली: ‘सभागृहातील पंख्याबाबत कार्यवाही सुरू असल्याचे उपअभियंता यांनी अवगत केले. मा. अध्यक्ष महोदयांनी पाठपुरावा करण्याचे निर्देश दिले.’ पुढच्या बैठकीत अनुपालन अहवालात पंखा आला. त्याच्या पुढच्या बैठकीत ‘पंखा सुस्थितीत आहे, तथापि कोणी बंद केला याबाबत विद्युत शाखेचा अहवाल अपेक्षित’ असं आलं. उपअभियंता बदलून गेले, साहेब निवृत्त झाले. पंखा अनुपालनात आहे. कार्यवाही सुरू आहे.

गंमत अशी की त्या पंख्याचा विषय निघाला की सगळे जागे होतात. हे असं का होतं ते सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ सालच्या पुस्तकात सांगून ठेवलं आहे. त्यांच्या गोष्टीतली समिती एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते, कारण त्यातलं कोणालाच काही कळत नसतं. मग सायकली ठेवायच्या साडेतीनशे पौंडांच्या शेडवर पाऊण तास वाद घालते, कारण शेड प्रत्येकाने पाहिलेली असते. आमच्याकडे हे अक्षरशः चालतं. काही कोटींचा आराखडा ‘अवलोकनार्थ सादर, मंजूर’ एवढ्यात जातो. तेवढ्यात कोणी बोलून जातो, ‘साहेब, कॅन्टीनचा चहा हल्ली फार पातळ यायला लागलाय,’ आणि सभागृहात प्राण संचारतो. दुधाचा दर, पावडरीची भेसळ, आधीच्या कंत्राटदाराच्या आल्याची आठवण, कपाचा आकार. ज्यांचा आवाज कधी कोणी ऐकला नव्हता ते बोलतात. म्हणून बैठक अगदीच निजायला लागली की आमच्यातले जाणते ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ या सदराखाली चहाचा विषय सोडतात. मात्र याची मात्रा जपून द्यावी लागते. पाऊण तास वाढतो आणि नेहमीची गाडी चुकते.

सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत कोणी झोपलेलं तुम्ही पाहिलंय? ३० सप्टेंबरच्या आत उरकायची म्हणून मंडपात, उकाड्यात, भरल्या पोटी सभा असते आणि तरी एकाचा डोळा लागत नाही. कारण लाभांश किती आणि दिवाळीला साखर किती, हे प्रत्येकाला कळून घ्यायचं असतं. व्यासपीठावरून विषय वाचायला सुरुवात होते ना होते तोच एका बाजूने ‘मंजूर, मंजूर’ आणि दुसऱ्या बाजूने ‘नामंजूर’ असा गलका होतो. माइकची ओढाओढ होते. झोप यायला निवांतपणा लागतो आणि तिथे खुर्चीही कधी हवेतून येईल सांगता येत नाही. स्वतःच्या खिशाशी संबंध आला की माणसाला ना लवंग लागते ना बाम.

आढावा बैठकीचा मात्र कोणाच्या कशाशी संबंध असतो, हे मला आजवर उमगलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हेरखात्याने, म्हणजे ओएसएसने, जानेवारी १९४४ मध्ये एक पुस्तिका काढली होती. शत्रूच्या मुलखातल्या साध्या माणसांनी आपापल्या कार्यालयाचं कामकाज गुपचूप कसं बिघडवावं याचं तिच्यात मार्गदर्शन होतं. जमेल तितके विषय समितीकडे सोपवा आणि समिती मोठी ठेवा, पाचाच्या खाली नको. असंबद्ध मुद्दे काढा. लांबलचक भाषणं करा. इतिवृत्तातल्या शब्दांवरून कीस काढा. मागच्या बैठकीत ठरलेली गोष्ट पुन्हा उकरा. महत्त्वाचं काम पडलेलं असेल तेव्हाच बैठक बोलवा. मी ही यादी आमच्या कार्यालयात मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा एका सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, ‘हे परिपत्रक कुठल्या तारखेचं? आपल्याकडे आवक क्रमांक पडला का?’

करोनाच्या काळात बैठका घरी आल्या आणि जागं राहण्याचा प्रश्न काही दिवस मिटला, कारण कॅमेरा बंद ठेवता यायचा. ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, साहेब’ असं लिहून माणसं गादीवर आडवी व्हायची. पण तिथेही एकजण माइक बंद करायला विसरला. जिल्हाभरातल्या सगळ्या तालुक्यांनी त्याचं घोरणं ऐकलं, त्यावर कुकरची तिसरी शिट्टी ऐकली आणि ‘अहो, उठा, तुमची मीटिंग संपली का बघा’ हेही ऐकलं. साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, ‘कोणता तालुका?’ कोणीही उत्तर दिलं नाही. आमच्या संघटनेची इतकी एकजूट एरवी संपातसुद्धा दिसत नाही.

आता सगळ्या लहानमोठ्या साहेबांना एक विनंती. आमच्याकडे चहा बैठकीच्या अगदी शेवटी येतो. आधी दिला तर लोक चहा पिऊन पसार होतात, असा कुठल्याशा जुन्या साहेबांचा सिद्धांत होता आणि तो त्यांच्या मागेही पाळला जातो. त्यामुळे चार वाजता चहा पिऊन आम्ही ताजेतवाने होतो आणि त्या ताजेपणाने घरी जायची तयारी करतो. तेव्हा बैठक शक्यतो सकाळी अकराला घ्या, पडदे उघडे ठेवा. दुपारीच घ्यायची असेल तर चहा सुरुवातीला द्या. त्यातलं कॅफिन डोक्यात पोचून ॲडेनोसिनची वाट अडवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तोवर मागील बैठकीचं इतिवृत्त कायम करून घ्यावं. त्यासाठी कोणी जागं असावं अशी अट नियमात कुठेही नाही.